अॅम्बॅसेडरचा डिपर स्विच रिपेअरला दिला आणि फसलो, जुन्या गाडीवाल्यांनी जरूर वाचा

आमच्याकडं १९७२ची मार्क २ अॅम्बॅसेडर आहे, बाबांची. बाबा बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर होते, ८६ साली त्यांनी ही सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत तिचं बारीकसारीक सगळं काम घरी अनगोळलाच केलं. ते गेल्यावर गाडी मी सांभाळतोय, पण मला त्यांच्यासारखा हात नाही, तेवढ्यामुळंच हे सगळं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गाडीला डिपर स्टीअरिंगपाशी नाही तर खाली फ्लोअरवर क्लचच्या डावीकडं आहे, पायानं दाबायचा. एकदा दाबला की अप्पर म्हणजे लांबचा उजेड, परत दाबला की डिपर म्हणजे जवळचा, खाली पडणारा. वस्तू मुठीत मावेल एवढी, पण दोन्ही हेडलाइटचा सगळा करंट तिच्यातून जातो, कारण मधे रिले (मोठा करंट स्वतः वाहून नेणारा वेगळा विजेवरचा स्विच) नाही. ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९० वॅट, १२ व्होल्टला साडेसात अॅम्पिअर. आणि जागा अशी की पावसाळ्यात बुटांचा चिखल, मॅटखालचं पाणी सगळं तिथंच.

तर गेल्या मे महिन्यात तो अडकायला लागला, दोनदा तीनदा दाबल्यावर बदलायचा. संकेश्वरला एका लग्नात एकानं ओळख करून दिली की हा माणूस जुन्या गाड्यांचे स्विच, मीटर सगळं उघडून परत नव्यासारखं करून देतो. तो घरी आला, गाडी बघितली, बाबांची चौकशी केली, आईच्या पाया पडला. स्विच काढला, उघडला नाहीच, नुसता कानाशी हलवला आणि म्हणाला, "अण्णा, आतलं सगळं संपलंय बघा. कंपनी २०१४ला बंद झाली, आता ह्यो माल कुठनं येणार? बॉडी तुमचीच ठेवतो, आत नवीन पितळेचे काँटॅक्ट बसवून देतो." ३८०० रुपये सांगितले. २००० अॅडव्हान्स ऑनलाइन पाठवले, बिल मागितलं नाही, फोटो काढला नाही. आठ दिवसांनी काळ्या कोऱ्या रंगात स्विच घेऊन आला, बसवला, टकटक करून दाखवला, मी राहिलेले १८०० दिले आणि वर अर्धा किलो कुंदा पण दिला घरी न्यायला.

आता जे झालं ते. जुलैमध्ये जांबोटीहून रात्री परत येत होतो, आई आणि बायको गाडीत, पाऊस आणि धुकं दोन्ही. समोरून टेम्पो आला म्हणून डिपर मारला आणि दोन्ही लाइट गेले. अप्पर पण नाही डिपर पण नाही, पूर्ण अंधार, त्या रस्त्याला कडेला काय आहे ते जाणाऱ्याला माहीत आहे. ब्रेक दाबून जागेवर उभा राहिलो, टेम्पोवाल्यानं वेळेत बघितलं म्हणून वाचलो. पाय मारमारून लाइट परत आले पण गाडीत जळका वास सुटला होता आणि खाली हात लावला तर स्विच चटका बसेल इतका तापलेला. तिथून अनगोळपर्यंत वीसच्या स्पीडनं आलो, आई एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या आमच्या इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं आधी मीटर लावला. लाइट चालू ठेवून स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टर्मिनलवर १.८ व्होल्ट ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज स्विचमध्येच वाया, चांगल्या स्विचला ०.१, फार तर ०.२ यायला पाहिजे. हिशोब केला तर बारा तेरा वॅटची उष्णता त्या एवढ्याशा डबीत, म्हणजे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं त्याच्या निम्मी. रिपेअर झाल्यापासून उजेड कमी का वाटत होता ते पण तेव्हा कळलं, साध्या बल्बला व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड त्या मानानं कितीतरी जास्त घटतो. मग त्यानं स्विच हातात फिरवला आणि म्हणाला, "इदु ओरिजिनल अल्ल री." म्हणजे हा ओरिजिनल नाही.

मी म्हटलं बॉडी तर आमचीच आहे. त्यानं थिनरनं रंग पुसला, आणि तिथं माझ्या लक्षात आलं. बाबा स्वतः उघडलेल्या प्रत्येक पार्टला सेंटर पंचनं (खूण पाडायच्या टोकदार हत्यारानं) तीन टिंबं मारायचे, त्रिकोणात. डायनॅमोवर आहेत, हॉर्नवर आहेत, वायपर मोटरवर आहेत. या स्विचच्या फ्लँजखाली, म्हणजे गाडीला बसवायच्या पट्टीखाली, काहीच नव्हतं. आत काँटॅक्टला चुंबक लावला तर पटकन चिकटला, म्हणजे पितळ नाहीच, मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. रिव्हेट बोटानं हलत होते, त्यानंच तापत होता. तसाच स्विच नवीन बेळगावातच २५० रुपयांना मिळाला मला. म्हणजे बाबांचा चांगला स्विच त्यानं ठेवून घेतला, हा रंगवून दिला आणि ३८०० घेतले. पैशाचं दुःख आहेच पण ती तीन टिंबं गेली त्याचं जास्त आहे.

फोन केला तर आधी म्हणाला, "तुमचाच आहे अण्णा, रंगात दिसत नसेल," मग उचलायचं बंद, मग ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, पण हातात बिल नाही, फक्त पैसे पाठवल्याचं दाखवता येतं. चौकशी केल्यावर निपाणीचे एक फियाटवाले भेटले, त्यांच्या वायपर स्विचचं हेच, तोच काळा रंग.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या स्विचला बहुतेक काही झालेलंच नव्हतं. नंतर भंगारातनं त्याच जातीचा एक जुना स्विच आणून मी त्या इलेक्ट्रिशियनसमोर बसून स्वतः उघडला, दीड तासाचं काम. मागचे वाकवलेले कान बारीक स्क्रू ड्रायव्हरनं उचलायचे, एकदम नाही, थोडे थोडे सगळीकडून, नाहीतर तुटतात. उघडताना हात आणि स्विच दोन्ही पारदर्शक पिशवीत, कारण स्प्रिंग सुटली की बारीक पार्ट कुठं जातील सांगता येत नाही. आतलं दातेरी चाक काढायच्या आधी मार्करनं खूण करायची आणि मोबाइलवर फोटो, एक दात इकडं तिकडं बसला की काँटॅक्ट मधेच थांबतो आणि दोन्ही लाइट बंद. जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं होतं, रॉकेलमध्ये भिजवून काढलं, आणि ते अडकणं निव्वळ त्या ग्रीसमुळंच असतं जास्त करून. काँटॅक्टला जाड पॉलिश पेपर मारायचा नाही, १००० नंबरचा हलका फिरवला, मग व्हॅसलिन नखाएवढं. आतली फायबरची पट्टी जळली असेल तर मोटर वाइंडिंगवाल्यांकडं हायलम शीट (वीज न वाहणारा कडक पत्रा) मिळतं, त्यातनं कापून होते. परत बसवल्यावर ड्रॉप ०.१२ आला. आता दोन रिले पण टाकलेत फ्यूजसकट, त्यामुळं स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरताच करंट जातो.

कुणाला असा स्विच बाहेर द्यायचाच असेल तर आधी स्वतःची खूण करा, उघडून आतला फोटो काढा, आणि जो माणूस न उघडता आतलं संपलंय म्हणतो त्याला वस्तू देऊच नका. परत आल्यावर रंगावर जाऊ नका, चुंबक लावा, मीटर लावा.

आणि एक विनंती आहे. बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर कुठंही मार्क २चा फूट डिपर कुणी ओरिजिनल म्हणून विकायला आणला तर फ्लँज उलटी करून बघा. त्रिकोणात तीन टिंबं दिसली तर तो आमचा आहे. मागेल तेवढे पैसे देऊन मी परत घेईन.