बालसंगोपन योजना: कोकणातल्या एकट्या आईला कितपत उपयोगी?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचं नाव गावात बऱ्याच जणींच्या कानावर असतं, अर्ज मात्र थोड्याच करतात. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आई एकटीने मूल वाढवत असेल, तर मूल १८ वर्षांचं होईपर्यंत त्याच्यामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ११०० मिळायचे. खटपट करावी अशीच ही योजना आहे, पण तिचे खाचखळगे आधी माहीत हवेत.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गहून सिंधुदुर्गचं जिल्ह्याचं ठिकाण ओरोस गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी भरून निघत नाही. निघण्यापूर्वी फोन करून समितीच्या बैठकीचा वार विचारून घ्या आणि मुलाला त्याच दिवशी सोबत न्या.

कागद लागतात ते असे: आई-मुलाचं आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, घरासमोर काढलेला दोघांचा फोटो आणि विधवा असल्यास नवऱ्याचा मृत्यूदाखला. कोकणात गाडी अडते ती या शेवटच्या कागदावर. नवरा चाकरमानी, मुंबईतच इस्पितळात वारलेला. अशा वेळी गावची ग्रामपंचायत दाखला देऊ शकत नाही. मृत्यूची नोंद जिथे झाली त्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून तो काढावा लागतो. एकदम चार-पाच प्रती घ्या. विमा, फंड, रेशनकार्डावरचं नाव कमी करणं, सगळीकडे लागतात. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रत जोडा.

दुसरी अडचण नावांची. आईच्या आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, शाळेच्या रजिस्टरात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्ज भरण्याआधी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधी आधार दुरुस्त करा, मग बँक. उलटं केलंत तर बँकेचं काम पुन्हा करावं लागेल. मुलाचं बायोमेट्रिक ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, तेही बघून ठेवा. दोन खाती असतील तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्या बाईचे पैसे कधीकधी विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात.

आता योजनेचा खरा दोष. पैसे दर महिन्याला येतील असं धरून चालू नका. निधी आला की थकलेले हप्ते एकदम जमा होतात. पासबुकात बरेच महिने काही नाही आणि एकाच ओळीत १३,५०० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचे. त्यामुळे वाण्याचं बिल किंवा घरभाडं या पैशांवर टाकू नये. आमचं मत असं की रक्कम कधीही येवो, ती जूनसाठी राखावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासळी विकणारीची मिळकत थांबते आणि नेमके तेव्हाच वह्या, गणवेश, छत्री, दप्तर दारात उभे राहतात. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो खर्च यात धरू नका.

संजय गांधी निराधार योजनेचे १५०० रुपये ही वेगळी बाब आहे. ते आईच्या नावाने मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिन्याला ४००० आहेत, मात्र त्याला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. आपलं मूल कशात बसतं ते अर्ज देण्यापूर्वीच विचारा.

अर्जाच्या चौकशीसाठी गृहभेटीला माणूस येतो तेव्हा घर सजवायची गरज नाही आणि मुलाला उत्तरं पढवू तर मुळीच नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरासमोर फोटोसाठी उभं राहणं मनाला फार लागतं. 'बाबा नाहीत म्हणून पैसे मिळतात' हे त्याला तिऱ्हाइताच्या तोंडून कळण्याआधी आईने घरी शांतपणे सांगावं की हा तुझ्या शिक्षणाचा हक्क आहे. पासबुकही त्याच्या हातात द्यावं.