नांद्रुकाचं बोन्साय, दहा महिन्यांनंतर: घेतल्या घेतल्या आधी ते चिकटवलेले खडे काढा

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय बघितली आणि डोक्यात बसलं की घरी एक हवंच. पुढच्या रविवारी एका नर्सरीतून नांद्रुकाचं आणलं, तेच ते फुगीर मुळांचं, 'जिनसेंग फायकस' नावाने मिळतं ते. १८५० सांगितले, घासाघीस करून १६०० ला दिलं. वरती छान पांढरे खडे होते, मला तर तेच जास्त आवडले होते.

मार्चअखेर पानं पिवळी पडून गळायला लागली, रोज दहा-पंधरा. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला तर म्हणाला "ताई, पाणी जास्त होतंय". कमी केलं, अजून गळाली. मग म्हणाला पाणी कमी पडतंय, आणि शेवटी "जिवंत झाडाची गॅरंटी नसते ताई". सोळाशे रुपये घेऊन असं उत्तर, फार राग आला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवलं, त्या कित्येक वर्षं गच्चीत उंबर-पिंपळ ताटल्यांत वाढवतायत. त्यांनी नखाने एक खडा उचलायला बघितला, हलेचना. "अगं, हे तर डिंकाने चिकटवलंय!" ट्रकमधून नेताना माती सांडू नये म्हणून करतात म्हणे. स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने उचकटलं तर अख्खी चकती निघाली, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी. खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टोस्टासारखं कोरडं आणि हलकं. म्हणजे मी रोज वाटीभर पाणी ओतत होते, ते खड्यांवरून घरंगळून कडेने उतरून भोकातून बाहेर यायचं आणि मला वाटायचं झाड पाणी प्यायलं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरून ओतलेलं पाणी पटकन शोषत नाही, म्हणून काकूंनी कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवायला लावली, किती वेळ नुसते बुडबुडे येत होते. तीन महिने झाड तहानलेलं होतं आणि मी त्याच्या समोर उभी होते, हे मला अजून लागतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर कुंडी बदलली. बाहेरून येणारी महागडी जपानी माती घेतली नाही, विटांचे बारीक तुकडे, चाळलेली जाड वाळू आणि थोडं गांडूळखत, खर्च शंभरच्या आत. मुळांच्या मधोमध प्लास्टिकची जाळी निघाली, ती कात्रीने कापून काढली. पंधरा-वीस दिवसांत टोकाला हिरवे टोकदार कोंब!

मग हुरूप आला आणि जुलैमध्ये फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळली, ही चूक पूर्ण माझी. पावसाळ्यात नांद्रुकाची फांदी किती झपाट्याने जाडते ते माहीत नव्हतं, ऑगस्टअखेर बघते तर तार सालीत रुतलेली. घाईने उलटी सोडवायला गेले आणि सगळ्यात चांगली फांदी कट्कन मोडली, पांढरा चीक हातावर. तार सोडवायची नसते, पक्कडीने तुकडे करून काढायची असते, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बघायचीच.

आधी माझं मत होतं की हे जिनसेंग म्हणजे खरं बोन्साय नाहीच, फुगीर मुळांवर कलम केलेल्या फांद्यांचा दिखावा. आता तसं वाटत नाही. एवढं सोसूनही उभं राहिलं, शिकायला याच्याइतकं चिवट झाड नाही. नणंदेने ऑनलाइन ज्युनिपर (थंड हवेतलं, सुरूसारखं बारीक पानांचं झाड) मागवला, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला आणि गेला. त्याला बाहेरचं ऊन आणि थंडी दोन्ही लागतात, आणि मेल्यावरही काही आठवडे हिरवाच दिसतो, त्यामुळे कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी तिथेच खड्यांवर बोट दाबून बघा. हलत नसतील तर त्याच्याकडूनच काढून घ्या, मातीत टूथपिक खुपसून आत ओल आहे का बघा, आणि कुंडी उलटी करून भोक मोकळं आहे ना तेही. विकणारा कुरकुर करेल, करू दे. माझी चकती मी टाकली नाहीये, बाल्कनीत ठेवलीये, कोणी नवीन बोन्साय घेतलं की आधी ती हातात देते.