बियाण्याची मुदत बघणारा मी, टायरची तारीख बघायची राहिलो

१६,७०० रुपये. टायरमध्ये एवढ्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी अजूनही १२,००० च सांगितलाय.

तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. मृग निघाला की दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, "दादा, लॉट नंबर बघा, मुदत बघा, पक्कं बिल घ्या, पीक निघेस्तोवर पिशवी फेकू नका." हेच तोंड घेऊन मी गेल्या वर्षी जूनमध्ये बायपासच्या टायर दुकानात गेलो आणि बिलाचं नावसुद्धा काढलं नाही.

डिझायरचे टायर खलास झाले होते. खाचांच्या तळाला त्या बारक्या पट्ट्या असतात ना, १.६ मिलीमीटरच्या, रबर झिजून तिथपर्यंत आलं होतं. माझं म्हणणं साधं होतं: घाटात पकड पाहिजे, आमच्या रस्त्यावर कंबर मोडू नये आणि टायर चार-पाच वर्षं चालावेत. दुकानदार म्हणाला, "साहेब, तिन्ही ह्याच्यात येतात." तिथंच उठायला पाहिजे होतं. रबर मऊ असलं की पकडतं, पण लवकर झिजतं. कडक असलं की टिकतं, पण ओल्या रस्त्यावर दगा देतं. हे काय मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण भाव ऐकला. बाजारात ४,९०० चा टायर ४,२०० ला, "कंपनीची स्कीम आहे, आजच्या दिवस."

चार टायरचे १६,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००, वॉल्व्ह २००, जुने चार दिले त्याचे १,२०० वजा. पक्कं बिल घेतलं तर म्हणे २८ टक्के जीएसटी वर पडेल. (तेव्हा २८ होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. पण छापील किमतीत कर धरलेलाच असतो. मी स्वतः दुकानदार, मला हे दुसऱ्यानं सांगावं?) वहीचं पान फाडून चिठ्ठी दिली. त्यावर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. मोबाइलवरून पैसे टाकले तेव्हा स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही बघितलं. "मेव्हण्याचं खातंय."

आता तो क्षण सांगतो, रात्री अजून आठवतो. गाडी लिफ्टवर चढली होती, मी एका टायरवर अंगठा फिरवला. अंगठा काळाकुट्ट झाला. नव्या टायरचं रबर असं हाताला लागत नाही, ते पॉलिश होतं. रुमालाला पुसलं, तो डाग अजून गेलेला नाही. नव्या टायरवर कागदी स्टिकर असतं, रबराचे बारके केस असतात, ह्यांच्यावर दोन्ही नव्हतं. "स्टिकर आम्हीच काढून ठेवतो, गिऱ्हाइकाला घाई असते." मी खाली वाकायला लागलो तर पोरगं आडवं आलं, "काका, ग्रीस लागंल, चहा घ्या." मी चहा घेतला. चांगला होता, तेवढाच.

टायरच्या एकाच बाजूला डीओटीचा (रबरावर ठसवलेला, टायर कुठं-कधी बनला ते सांगणारा) पूर्ण नंबर असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. चारही टायर ती बाजू आत करून बसवले होते. आणि साधा टायर कुठल्याही बाजूनं बसवला तरी चूक नाही, म्हणजे भांडायलाही जागा नाही.

पंधरा दिवसांनी संभाजीनगरला निघालो. मांजरसुंबा घाटात भुरभुर पाऊस लागला. ब्रेक मारला तर गाडी साबणावरून जावी तशी घसरत गेली, पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. वेग चाळीसचा असेल. बायको शेजारी होती, ती तासभर बोलली नाही. संभाजीनगरात एका पंक्चरवाल्यानं चाक काढून बॅटरी मारली. ३११८. म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. दुसरा तसाच. तिसरा ०९१९. चौथ्याची तारीख घासलेली आणि खाचा कोरून खोल केलेल्या, त्या नादात तळाच्या झीज दाखवणाऱ्या पट्ट्याही कापलेल्या. "मामा, हे चार घरचे चार आहेत," तो हसत म्हणाला. सहा-सात वर्षांचं रबर, खाचांत भेगा. म्हणून टायर बसवायच्या आधी, जमिनीवर असताना, स्वतः फिरवून बघा. मोबाइलनं फोटो काढा. फोटो काढू देत नसेल तर निघा.

परत त्या टायर दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "आमचे कशावरून?" पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि विचारलं, "बिल?" नाही म्हटल्यावर, "हे ग्राहक मंचात जा." कंपनीच्या फोनवर पोरगी गोड बोलली, पण ते दुकान त्यांचं अधिकृत नाही आणि ज्याची तारीखच घासलीय त्याचं त्या काही करू शकत नाहीत. वजनमापवाल्यांकडं गेलो तर साहेब विचारतात, "टायर वजनात कमी भरला का?" शपथ घेऊन सांगतो, हेच शब्द. माणूस घाटात मेला असता तर पंचनामा करायला चौघे आले असते, जिवंत आला तर खुर्चीसुद्धा देत नाहीत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, हे मला एका वकिलानं सांगितलं आणि पुढं म्हणाला, "पण बिल असतं तर बरं झालं असतं." सगळीकडून फिरून गाडी बिलावरच येते.

नवे चार टायर पक्क्या बिलानं घेतले, १९,४००. माप तेच, १६५/८० आर१४ ८५टी. "रुंद घाला, रुबाब दिसतो" म्हणणारा तिथंही भेटला. ऐकू नका, ८० चा (म्हणजे रुंदीच्या ८० टक्के) उंच काठच खड्डे पितो. हवेचा आकडा दरवाजाच्या खांबावर लिहिलेला असतो, तेवढीच भरा.

ते फसवे चार टायर माझ्या दुकानामागं पडून होते. परवा एक शेतकरी बियाणं घ्यायला आला, त्याची नजर गेली. "शेठ, टायरगाडीला चालतील, देता का?" त्याला मागं नेलं आणि आधी ते चार आकडे दाखवले. तो म्हणाला, "बैलाला कुठं ब्रेक असतोय?" दोनशे रुपयांत घेऊन गेला. त्याचं बिल मी फाडलं नाही.