पलटी झालेली थार: अधिकृत वर्कशॉप, ओळखीचं गॅरेज की टोटल लॉस?

गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला एका उतारावर माझ्या मावसभावाची थार पलटी झाली. वेग ताशी दहासुद्धा नसेल. डावीकडची चाकं चिखलात रुतली, उजवीकडचं एक दगडावर चढलं. बसकण मारणाऱ्या म्हशीसारखी गाडी आधी सावकाश कलली, मग एकदम टपावर गेली आणि पलीकडच्या कुशीवर येऊन थांबली. बेल्ट लावलेले होते, त्यामुळे खरचटण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला तीन सल्ले मिळाले होते. ऑफिसातला मित्र म्हणाला, क्लेम टाक आणि मोकळा हो. ग्रुपमधले जुने ऑफरोडर म्हणाले, आपल्या डेंटरकडे ने, निम्म्यात होईल. मावशी म्हणाली, विकून टाक एकदाची. तिघांपैकी कोणीही गाडीखाली वाकून पाहिलेलं नव्हतं.

सगळा निर्णय तिथे, खाली आहे. वरचा पत्रा कितीही चेपलेला दिसो, थारसारख्या गाडीत बॉडी वेगळी आणि चासीचा सांगाडा वेगळा असतो. बॉडी बोल्ट काढून उचलता येते, बदलता येते. डस्टरसारख्या मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेल्या गाडीत तशी सोय नाही, तिथे पिलर (टप तोलणारा खांब) वाकला म्हणजे सांगाडाच वाकला. म्हणून गंमत अशी की थारची सावकाश खाल्लेली कोलांटी फोटोत भयानक दिसते आणि खाली बऱ्याचदा सगळं ठीक असतं. उलट पुढचं चाक खड्ड्यात आपटून मग झालेली पलटी वरून बरी दिसते आणि चासीला पीळ बसलेला असतो.

तिन्ही वाटांना लागू असलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण खरा घोळ पहिल्या तासातच होतो. गाडी सरळ झाली की हात आपोआप स्टार्टरकडे जातो. तो आवरा. उलट्या पडलेल्या इंजिनात तेल पिस्टनच्या रिंगांमधून सिलिंडरमध्ये उतरतं, ब्रीदरच्या पाइपातून हवेच्या वाटेतही शिरतं. तेल दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिन तर आत आलेलं तेलच जाळून बेफाम पळू शकतं, मग स्विच बंद करूनही थांबत नाही. मेकॅनिकला बोलवा. तो ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवेल आणि तेल बाहेर काढेल. इंटरकूलरचे पाइप, एअर फिल्टर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधल्या तेलाची पातळी, बॅटरीतून सांडलेलं ॲसिड हे सगळं तेव्हाच बघून घ्यायचं. यात विम्याचाही प्रश्न आहे. अपघातानंतर गाडी तशीच चालवून वाढलेलं नुकसान तुमच्या माथी, असं पॉलिसीच्या अटींतच लिहिलेलं असतं.

फोटो गाडी हलवण्याआधी काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. ओढून आणण्याच्या खर्चापोटी खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. चिखलात हायड्रा क्रेन बोलावलीत तर तो आकडा वाचून हसू येईल. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्यात काय बसतं ते आधी विचारा.

कॅशलेस, अधिकृत वर्कशॉपमध्ये

गाडी पाच वर्षांच्या आतली असेल आणि झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांवर घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलेलं असेल, तर पुढचं फारसं वाचायची गरज नाही. इथेच जा. झिरो डेप नसेल तर मात्र कागद-पेन्सिल घ्या.

समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि एस्टिमेट ५ लाख ८० हजारांचं. त्यात लोखंडी भाग ३ लाख, प्लास्टिक-रबर आणि एअरबॅग ६० हजार, काचा ४० हजार, मजुरी १ लाख, रंगकाम ८० हजार. तीन ते चार वर्षांच्या गाडीला लोखंडी भागांवर २५% घसारा कापतात, म्हणजे ७५ हजार. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५०%, म्हणजे ३० हजार. काचांवर काही नाही, मजुरीवर काही नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५% माल धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणजे १० हजार. शिवाय १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २ हजारांचा सक्तीचा वाटा. खिशातून गेले १ लाख १७ हजार. झिरो डेप असतं तर ते २ हजार आणि ऑइल, कूलंट, नटबोल्ट असा किरकोळ खर्च यावर भागलं असतं. त्यातच नो क्लेम बोनसही जातो. तो ५०%वर पोचला असेल, तर पुढच्या वर्षीचा हप्ता धरूनच हिशेब करा.

या वाटेचा फायदा पैशांपेक्षा मालात आहे. नवी बॉडी शेल, म्हणजे पत्र्याचं अख्खं अंग, नवे पिलर, नवे बेल्ट मिळतात. विंडस्क्रीनच्या दोन्ही बाजूंचे पिलर आणि रोल केज (टपाखालचा पोलादी पिंजरा) हे भाग ठोकून सरळ करायचे नसतात. मजबूत पोलाद गॅसने तापवलं की त्याची ताकद जाते. दिसायला सरळ झालेला पिलर पुढच्या पलटीत डोक्यावर कितपत टिकेल, ते कोणी सांगू शकत नाही. २०२०च्या नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले, ते कारखान्यातून आलेल्या सांगाड्याला. गॅसने तापवून ठोकलेल्याला नाही.

तोटा वेळेचा. शेल मागवावी लागते आणि ती येईपर्यंत गाडी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात पावसात उभी राहते. मावसभावाची सात आठवडे होती. दुसरा तोटा असा की पहिलं एस्टिमेट खरं नसतं. त्याचं ५ लाख ८० हजारांवर सुरू झालं आणि गाडी उघडल्यावर वायरिंग, स्टिअरिंगचे भाग, एक ॲक्सल असं करत ६ लाख ९० हजारांवर गेलं. गाडी पूर्ण उघडून विमा कंपनीच्या सर्व्हेअरने दुसऱ्यांदा पाहीपर्यंत ‘दुरुस्त करा’ म्हणू नका.

ओळखीचं गॅरेज

आमच्याच ग्रुपमधल्या एकाची २०१४ची जुनी थार, अडीच लिटर सीआरडीई डिझेलवाली, याच्या दोन वर्षं आधी पलटी झाली होती. तो गॅरेजमध्ये गेला आणि अगदी बरोबर केलं. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला लोखंडावर ४०% घसारा, दहाच्या पुढे ५०%, आणि पाच वर्षांनंतर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. त्या वयाच्या गाडीला झिरो डेप मिळणंही मुश्किल. निम्मा खर्च स्वतःचाच असेल, तर बोनस घालवून महिनाभर रांगेत का बसायचं?

जुन्या थारचं अंग साधं. सपाट पत्रा, नटबोल्टवर बसवलेले भाग, मागे पाटे. चांगला डेंटर तो पत्रा कागदासारखा उलगडतो. जुनी शेल किंवा दरवाजे हवे असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, नाहीतर थेट दिल्लीच्या मायापुरीला फोन लावणारे लोक असतात. जीपचं काम म्हटलं की काहीजण पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीचं नाव घेतात. हौस असेल तर ठीक, पण एका पलटीसाठी गाडी तिकडे पाठवू नये असं माझं मत.

डेंटर कसा ओळखायचा? त्याने आधी पुट्टीचा डबा काढला की निघा. जो आधी ओळंबा काढतो तो आपला. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर घेतात, चासीवरच्या ठरलेल्या भोकांमधून ओळंबा सोडतात, जमिनीवर खडूने खुणा करतात आणि मग टेपने कर्ण मोजतात, डावीकडच्या पुढच्या खुणेपासून उजवीकडच्या मागच्या आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी चौकोनात आहे. पीळ पाहायचा तर जमिनीपासून चासीच्या उंच्याही दोन्ही बाजूंना मोजतात. चासीच्या नेमक्या मापांचा तक्ता कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये असतो, तो मागायला लाजू नका. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि अख्ख्या प्रकरणात त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

कागदांचं भान ठेवा. जुनी शेल आणलीत तर तिचं बिल हवं. चासीचा नंबर सांगाड्यावर कोरलेला असतो, म्हणून बॉडी बदलली तरी गाडीची ओळख तीच राहते. चासीच बदलायची वेळ आली तर आरटीओच्या परवानगीशिवाय हात लावू नका. कोणी ‘नंबर मी मारून देतो’ म्हणाला तर तिथला चहाही पिऊ नका. आणि या निमित्ताने टप कापून, उंची वाढवून वेगळीच गाडी करायचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, मूळ रचनेत न बसणारा बदल रस्त्यावर चालणार नाही.

टोटल लॉस

ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५%वर गेला, की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. मावसभावाची आयडीव्ही ९ लाख ६० हजार होती, म्हणजे रेघ ७ लाख २० हजारांवर. ६ लाख ९० हजार म्हणजे रेघेच्या अगदी अलीकडे. अशा वेळी दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू होते. वर्कशॉपला काम हवं असतं, मालकाला कधी सुटका हवी असते.

कर्णांत फरक आला असेल, चासीला पीळ असेल, तर माझ्या मते मागेपुढे पाहू नये. चासी ओढून सरळ करता येते, करतातही. पण मग ती गाडी ट्रेलवर पुन्हा तसाच पीळ सहन करायला नेणार ना? रिटर्न टू इन्व्हॉइसचं कव्हर असेल तर निर्णय आणखी सोपा, कारण मग आयडीव्हीऐवजी बिलाच्या किमतीपर्यंत भरपाई मिळते. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेला जातील, हे धरून चाला. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवायची म्हटलं तर लिलावात तिला आलेली बोली भरपाईतून वजा होते. सुट्या भागांचा मोह असला तरी मी ठेवणार नाही. अशा गाड्यांचे कागद आणि चासी नंबर चोरीच्या गाड्यांवर चढवायचा धंदा चालतो. कलम ५५प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.

एक खबरदारी, क्लेमच्या दोन्ही वाटांसाठी. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. पलटी स्पर्धेत झाली असेल तर क्लेम मिळेलसं धरू नका, आणि खोटं तर मुळीच लिहू नका. सर्व्हेअरही मोबाइलवर व्हिडिओ बघतात.

मावसभावाच्या चासीचे कर्ण जुळले. झिरो डेप होतं. म्हणून नवी शेल बसवली. गाडी घ्यायला मीही गेलो होतो. दरवाजे दोन बोटांनी लागतात का ते पाहिलं, व्हील अलाइनमेंटचा छापील कागद मागितला, अपघातावेळी ताणलेले बेल्ट बदलल्याचं बिलात शोधलं. मग पाइप मागवून टपावर, काचेच्या कडांवर पंधरा मिनिटं पाणी मारलं. मागच्या डाव्या दिव्याच्या रबरातून धार आत आली. त्यांनी रबर बदललं, पुन्हा पाणी मारलं, सीटखालचं कार्पेट हाताने दाबून पाहिलं, आणि मग त्याने सही केली.