जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत काही पावसाळे माळ्यावर पडून राहिलेला अडॅप्टर थेट बोर्डात खोचू नका. वापराविना आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणारा भाग) ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि लीकेज, म्हणजे विजेची गळती, वाढतं. दुरुस्तीवाला म्हणूनच आधी सिरीजमध्ये, म्हणजे अडॅप्टरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, साधा पिवळा बल्ब लावून बघतो: क्षणभर उजळून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट.

दुरुस्ती खरी परवडते ती वायरीच्या दोषात. पिनजवळ वायर आतून तुटणं हा नेहमीचा आजार. नवी वायर सोल्डर केली की काम झालं. फुगलेला कपॅसिटर बदलणं मात्र वेगळं. त्यासाठी चिकटवलेली पेटी फोडावी लागते, आत २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज उरू शकतो. हे घरी करून पाहायचं काम नव्हे. शिवाय फोडलेली पेटी पूर्वीसारखी घट्ट बसत नाही. घरात लहान मुलं असतील तर मी नवाच घ्या म्हणेन.

नवा घेताना व्होल्ट जुळवा, १९ ला १९. अँपिअर तितकेच किंवा जास्त. पिनची पोलॅरिटीही (प्लस आत की बाहेर) तपासा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपना मधल्या पिनमधून अडॅप्टरची ओळख लागते. ती मिळाली नाही तर लॅपटॉप चालतो, बॅटरी चार्ज होत नाही. स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळो, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, नसलेला अडॅप्टर घेऊ नका.