मिसळ फक्कड, पण सकाळी 8 नंतर जाल तर राजकारण ऐकायची तयारी ठेवा

लालबाग मार्केटजवळचं छोटंसं उपहारगृह आहे, नाव लिहीत नाय कारण मालकाला भीती की लोक लगेच कुठल्यातरी पक्षाचं लेबल चिकटवतील. मिसळ एक नंबर, तर्री मागाल तेवढी देतात, साबुदाणा वडा मात्र तेलकट, नका घेऊ.

पेपर आला की रिटायर्ड काका लोक सुरू होतात. एक काका म्हणे आयुष्यभर धनुष्यबाण सोडून दुसरीकडे बघितलं नाय, 2022 ला पक्ष फुटला, 2023 ला आयोगाने नाव-चिन्ह शिंदे गटाला दिलं, मग माझं आधीचं मत नक्की कोणाच्या खात्यात गेलं रे? घड्याळवाल्यांची पण तीच रड. आणि महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, मतदान थेट जानेवारी 2026 ला, मधे गटार तुंबलं तर जायचं कोणाकडे, नगरसेवकच नाय, प्रशासक!

तरुण पोरांचं वेगळंच. पहिलीपासून हिंदीचा जीआर 2025 ला मागे घेतला म्हणून खूश, दोन ठाकरे वरळीत एका स्टेजवर आले तेव्हा तर जास्तच, पण लगेच विचारतात मराठी मराठी ठीक आहे हो, लालबागमध्ये घर कोण घेऊन देणार? याला काकांकडे पण उत्तर नाय (त्यांची पोरं केव्हाच डोंबिवली-बदलापूरला गेली).

चार स्टार. एक वड्याचा कापला. पार्किंग विसरा, यूपीआय चालतं.