‘वाडा मान्य’ स्टिकरचा डबा : सीताबर्डीत भाचीला आलेला अनुभव

माझी भाची मानकापूरच्या क्रीडा संकुलात आठशे मीटरचा सराव करते. राज्य स्पर्धेच्या तोंडावर तिने नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका सप्लिमेंटच्या दुकानातून साडेचार हजारांचा डबा आणला. वर पाचशे रुपये घेऊन दुकानदाराने ‘डोपिंगमुक्त प्रमाणपत्र’ दिलं आणि वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी असलेल्या पदार्थांची लॅमिनेट केलेली यादी. "नियम दरवर्षी बदलतात ताई, ते पाहायचं काम आमच्यावर सोडा."

यादीवर साल नव्हतं, वरची पट्टीच कापलेली. मी पाहिलं तर नार्कोटिक्सच्या रकान्यात ट्रॅमाडोल (वेदनाशामक औषध) नाही. ते 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, म्हणजे यादी त्याआधीची. मग डबा हातात घेतला. ‘वाडा मान्य’ असा सोनेरी स्टिकर नेमका घटकांच्या ओळींवर चिकटवलेला. नखाने खरवडला, तर खाली हायजेनामाइन. हे नाव 2017 पासून यादीत आहे आणि स्पर्धा असो वा नसो, बंदी बाराही महिने. डबा अजून फोडला नव्हता, हे नशीब.

वाडा कुठल्याही सप्लिमेंटला मान्यता देत नाही, नाडा (भारतातली उत्तेजकविरोधी संस्था) हीही देत नाही. असा स्टिकर दिसला की तो खोटाच समजा.

दुकानात गेलो तर उत्तर आलं, "कंपनीचा माल आहे भाऊ, आम्ही काय करणार? डबा अन् प्रमाणपत्र ठेवून जा, दुसरा देतो." पैसे परत द्यायला तयार नाही, पुरावा मात्र हवा! आम्ही काहीच दिलं नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की काटोल-उमरेडहून एकट्या येणाऱ्या मुली त्याच्या गिऱ्हाईक आहेत. डोप चाचणीच्या नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार धरला जातो. दुकानदाराने फसवलं म्हणून सुटका होत नाही, दोन वर्षांची बंदीही येऊ शकते. दुकान मात्र चालूच.

नवी यादी दर 1 जानेवारीला लागू होते आणि वाडाच्या संकेतस्थळावर त्याच्या तीन महिने आधीच फुकट मिळते. औषधासाठी नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ (Know Your Medicine) ॲप आहे. डबा घेतलाच असेल तर बिल आणि बॅच नंबरचा फोटो जपून ठेवा, आणि चाचणीच्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिहा. आमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे गेली आहे. असाच स्टिकर तुमच्याकडे असेल तर तो काढू नका, डब्यासकट तिथेच द्या.